बंद बाहीचा स्वेटर

१

बाहुलीचा स्वेटर मागून उघडा ठेवायचा असतो. एवढंही ज्याला ठाऊक नाही त्याने खुशाल हत्तीला पायमोजे विणावेत, पण बाहुलीच्या वाटेला जाऊ नये.

कारण सोपं आहे. फॅशनवाली बाहुली सव्वा वीत उंच. कंबर बोटाएवढी, पाय ताडासारखे आणि नखरा तीन मजली. पण तिचे हात कोपरात वाकत नाहीत आणि डोकं गळ्याच्या तिप्पट असतं. तिला कपडा डोक्यावरून घालता येत नाही. आधी समोरून दोन्ही बाह्यांत हात सरकवायचे, मग पाठीमागे दोन टिचबटणं लावायची. टिच, टिच. झाली महाराणी तयार.

आत्या हे काम बावीस वर्षं करत होती. कोट, टोप्या, मफलर, चिमटीत मावेल अशी पर्स, नखाएवढे हातमोजे. विणायच्या सुया तिच्या भाच्याने सायकलच्या चाकाचे आरे घासून करून दिल्या होत्या. माप घ्यायला ती टेप वापरत नसे. टेपवरच्या रेघा बाहुलीपुढे आडदांड दिसतात. ती पांढऱ्या दोऱ्याला गाठी मारी. पहिली गाठ मनगटाची, दुसरी गळ्याची, तिसरी कंबरेची, आणि शेवटी उंचीची दुहेरी गाठ. "मनगट चुकलं की माणूस चुकलं," असं ती म्हणे. का, ते कोणी विचारलं नाही आणि तिलाही सांगता आलं नसतं.

आत्या राहायची भाच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत. भाचा वीज दुरुस्त करणारा, भाचेसून औषधांच्या दुकानात, आणि त्यांची सात वर्षांची मुलगी भिंगरी शाळेत. साडेनऊला घर रिकामं व्हायचं ते साडेचारला भिंगरीची किल्ली दारात फिरेपर्यंत. मधला सगळा वेळ आत्याचा, सुयांचा आणि खिडकीतल्या उन्हाचा.

आता आत्याचा एक दुर्गुण सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाई हाडाची खोडकर. पोस्टमनसुद्धा तिला आत्या म्हणायचा, पण उंबऱ्याबाहेरून. एकदा खुर्चीवर टेकला आणि उठला तो उशीसकट. भाच्याच्या लग्नात तिने त्याच्या कोटाच्या दोन्ही बाह्या टोकाला शिवून टाकल्या होत्या. नवरदेव चारशे पाहुण्यांसमोर पोत्यात अडकलेल्या मांजरासारखा झुंजला. भाचेसुनेने ते नऊ वर्षं पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात मात्र आत्याने तिच्याच पांढऱ्या कोटाच्या बाह्या शिवल्या, आणि नेमकी त्या दिवशी दुकानात तपासणी होती. सून घरी येऊन रडली.

"आत्या, आता बास," भाचा म्हणाला. "भिंगरीच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे. पुढची खोडी केलीस तर तुझं बिऱ्हाड धाकट्या आत्याकडे."

धाकट्या आत्याकडे जेवणात मीठ नसायचं आणि बोलण्यातही. शिवाय तिथे भिंगरी नव्हती. आत्याने शपथ घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळलीसुद्धा.

२

त्याच आठवड्यात खेळण्यांच्या दुकानातल्या बाईंनी एक खोकं पाठवलं. आत जुनी बाहुली होती. रंग थोडा विटलेला, केस आखूड, हात सरळ आणि तळव्याला फक्त अंगठा सुटा. सोबत चिठ्ठी: गिऱ्हाइकाला सहा कपडे हवेत, घाई नाही.

आत्याने माप घेतलं, लाल लोकरीचा स्वेटर घातला सुयांवर आणि दोन दिवसांत संपवलासुद्धा. तुकडे जोडायला बसली तेवढ्यात समोरच्या इमारतीत कोणाचं तरी कपाट दोरीने वर चढवत होते. कपाट गॅलरीत अडकलं. चार माणसं, चार दिशांनी शिव्या. असला तमाशा सोडून शिवणाकडे बघेल ती आत्या कसली! हात मात्र सवयीने चालत राहिले.

कपाट आत गेलं तेव्हा तिने खाली पाहिलं. पाठ गळ्यापासून खालपर्यंत शिवून झाली होती. शेवटी गाठसुद्धा मारलेली.

"अगं गधडे," ती स्वतःला म्हणाली. पहिल्या दिवशीची शिकाऊ पोरगी करते ती चूक! स्वेटर बाहुलीशेजारी आपटून ती चहा टाकायला गेली. येताना बारीक कात्री आणली.

बाहुलीने स्वेटर घातला होता.

आत्याने आधी चहा खाली ठेवला. उगाच सांडायला नको. मग तिने बाहुली उलटी केली. पाठीची शिवण अखंड होती आणि टोकाला तिचीच गाठ होती, डावीकडे झुकलेली. गळा ताणलेला नव्हता. डोकं त्यातून जाणं शक्यच नव्हतं, आणि हात वर न करता बाह्यांत जाणं त्याहून नव्हतं.

आत्या हसली. कोणीतरी दुसरा स्वेटर विणून पहिला लपवला असणार, तिचीच गाठ घोटून घोटून शिकलं असणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला मामा बनवलं होतं. तिने पलंगाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं, कपाट उघडून ती "पकडलं!" असं ओरडली. कपाटात सुनेच्या साड्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी तिने तिघांना समोर बसवलं.

"शाबास. कोणी केलं? बक्षीस देते."

भाच्याने बाहुलीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "काय केलं?"

"बंद पाठीचा स्वेटर हिच्या अंगात कोणी घातला?"

"तूच शिवला असशील ना अंगावर घालून."

"मी शिवला तो हातात धरून! अंगावर नव्हता!"

भाचेसून हातातली भाजी निवडत शांतपणे म्हणाली, "आत्या, शपथ घेऊन आठ दिवस नाही झाले."

भिंगरी मात्र खूश झाली. "आत्याआजी, मला पण शिकव ना ही जादू."

खोडकर माणसाचं हे एक असतं. त्याच्या घरात खरंच चोर आला तरी लोक टाळ्या वाजवतात.

३

दुसरी कोणी असती तर बाहुली परत खोक्यात घालून मोकळी झाली असती. आत्याला मात्र चेव आला.

"बरं," ती बाहुलीला म्हणाली, "आता हा घालून दाखव."

तिने दुपारपर्यंत एक भलताच प्रकार विणला. पाठ बंद. गळा चार टाक्यांचा, त्यातून वाटाणासुद्धा जाणार नाही असा. आणि बाह्यांची टोकं बंद, अगदी भाच्याच्या लग्नातल्या कोटासारखी. तो कपडा तिने बाहुलीच्या पायाशी ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली आणि दार बोटभर उघडं ठेवलं.

घड्याळ वाजत होतं. खाली कोणीतरी गादी झोडपत होतं. मग खोलीतून आवाज आला.

टिच.

त्या कपड्याला टिचबटण नव्हतं. घरातली सगळी टिचबटणं तिच्या मांडीवरच्या डबीत होती.

टिच. टिच.

सुकलेलं लाकूड उन्हात तडकतं, असं तिने स्वतःला समजावलं. पत्र्याची पेटी तापते. म्हातारपणी कानात काहीबाही वाजतंच. एवढी सगळी कारणं जमा झाल्यावर ती उठली आणि दार ढकललं.

बाहुली होती तिथेच होती. कपडा अंगावर होता. बंद बाह्यांच्या टोकांना आतून तळव्याचा आकार आला होता, अंगठ्यासकट.

आत्याने तो कात्रीने कापून काढला. काढताना बाहुलीचा हात बघितला, दाबून बघितला. कडक. वाकण्याचं नाव नाही. फक्त कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीक घडी होती, तुमच्या-माझ्या हाताला असते तशी. काल तिथे घडी नव्हती. मापं घेणाऱ्या बाईला असल्या गोष्टी दिसतातच.

तिने खेळण्यांच्या दुकानात फोन लावला.

"काय हो, ही बाहुली दिली कोणी?"

"आली होती एक बाई," दुकानवाल्या म्हणाल्या. "बोलायला गोड होती. पण आत्या, विचित्रच हो! तिच्या स्वेटरच्या बाह्या हातांच्या पार खालपर्यंत. खोकं दोन्ही कोपरांनी पुढे सरकवलं. पत्ता लिहा म्हटलं तर म्हणाली, तुम्हीच लिहा. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल बिचारीच्या."

"बाह्यांना तोंडं होती का?"

"असतीलच की. बाहीला तोंड नसतं का कधी?"

आत्याने फोन ठेवला.

४

सोमवारी तिला दोऱ्यांच्या डब्यात दुसरा मापाचा दोरा सापडला.

तिचे दोरे पांढरे असत. हा लाल लोकरीचा होता, बाहुलीच्या स्वेटरमधून उरलेल्या लोकरीचा. गाठी मात्र तिच्याच क्रमाने होत्या. मनगट, गळा, कंबर, शेवटी दुहेरी. ही पद्धत तिने कोणाला शिकवली नव्हती. टेबलावर बसून रोज कोणी बघत असेल, तर गोष्ट वेगळी.

दोरा लांब होता. बाहुलीचा नव्हे, माणसाचा. तिने तो आपल्या मनगटाला लावला. आखूड पडला. कंबरेला लावला आणि हसली, कारण तिच्या कंबरेला पुरायला तसले दोन दोरे लागले असते.

साडेचारला किल्ली फिरली. भिंगरी दप्तर फेकून आत आली. आत्याने तिचा हात धरला आणि दोरा मनगटाभोवती गुंडाळला. गाठ टोकाला बरोब्बर टेकली. गळा, बरोब्बर. कंबर, केसभरही फरक नाही. दुहेरी गाठ डोक्यावर.

"पुन्हा माप?" भिंगरी म्हणाली. "काल घेतलंस की."

"मी? कधी गं?"

"दुपारी. आपण झोपलो होतो ना तुझ्या पलंगावर. मी डोळे मिटूनच होते. तुझे हात गार गार होते, आत्याआजी. आणि इवलेसे."

आत्याने तिला पोटाशी धरलं. इतक्या घट्ट की पोरगी म्हणाली, "अगं, गुदगुल्या होतात!"

तिला खाऊ देऊन खेळायला पिटाळल्यावर आत्याने खोली पिंजून काढली. बाहुलीच्या खोक्याच्या तळाशी, कागदाखाली, एक गुंडाळी होती. तिने ती पलंगावर पसरली. सायकलच्या आऱ्याच्या सुईवरचे बारीक टाके, हजारो. पुढचा भाग, मागचा भाग, एक बाही. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा स्वेटर. पाठीला उघडी फट नव्हती आणि तयार झालेल्या बाहीचं टोक बंद होतं.

ही खोडी तिची होती. तीच विणून टेबलावर ठेवलेली, "घालून दाखव" म्हणून. कोणीतरी ती नीट शिकलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने भाच्याला गुंडाळी दाखवली. त्याने ती हातात घेतली, बंद बाहीत बोट घातलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"भिंगरीला, आत्या? आता भिंगरीच्या बाह्या?"

"मी नाही केलं रे बाबा."

"मग बाहुलीने केलं का?"

खरं बोलायची सोय नव्हती, आणि खोटंच खोडी कबूल करावी तर शपथ मोडली असं झालं असतं.

"रविवारी धाकट्या आत्याकडे सोडतो तुला," तो हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे सहा दिवस. सातव्या दिवसापासून दुपारी साडेचारला भिंगरी किल्ली फिरवून आत येणार, आणि घरात फक्त ती बाहुली. बाहुली दुकानात परत द्यावी? तिथे रोज पन्नास भिंगऱ्या येतात. कचऱ्यात टाकावी? कचऱ्यातली बाहुली उचलायला पोरंच पुढे असतात. आपल्या दारातलं विघ्न दुसऱ्याच्या दारात ढकलायचं, ही खोडी नव्हे, हलकटपणा. आणि आत्या खोडकर होती, हलकट नव्हती.

५

तिने आधी तो अर्धा स्वेटर उसवला, दोन तास बसून, प्रत्येक ओळ. मग लाल दोऱ्याच्या सगळ्या गाठी सोडल्या आणि त्यात आणखी दोरा जोडून आपल्या मापाच्या नव्या मारल्या. मनगट, गळा, पिंपासारखी कंबर, शेवटी दुहेरी गाठ. तो दोरा तिने बाहुलीच्या मांडीवर ठेवला.

"लहान पोरांच्या काय नादाला लागतेस? हे घे. माझं माप. आहे का दम?"

मग घरातली सगळी चांगली लोकर तिने सुनेच्या कपाटात कुलपात टाकली. बाहेर ठेवली ती फक्त माळ्यावरची राखाडी लोकर. बारा वर्षांपूर्वी तिला कसर लागली होती. अशी लोकर दिसते धडधाकट. विणलीही जाते, टाके नाजूक पडले तर. पण जोरात ताण बसला की जागोजाग तुटते. आत्याने ती फेकली नव्हती. कोणाच्या तरी पायमोज्यांसाठी राखून ठेवली होती, पण योग आला नव्हता.

मंगळवारी राखाडी गोळा थोडा लहान झाला. बुधवारी निम्मा. गुरुवारी दुपारी जेवून आत्या खुर्चीत बसली, बाहुलीकडे पाठ करून. मुद्दामच. तिने जागं राहायचं ठरवलं होतं. पण सत्तरीच्या बाईने दुपारच्या जेवणानंतर ठरवलेल्या गोष्टींना फारसा अर्थ नसतो.

टिच.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ऊन टेबलावर होतं. खोकं रिकामं होतं.

आत्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता. गळ्याशी घट्ट, श्वास मोजून घ्यावा लागेल इतका. हात बाह्यांत होते आणि बाह्यांना तोंडं नव्हती. तिने कोपर वाकवायला पाहिलं. वाकेना. लोकर अडवत होती म्हणून नव्हे. कोपर वाकतं कसं तेच हाताला आठवेना.

पाठीवर, मणक्याच्या तळापासून, काहीतरी वर सरकत होतं. एक टाका, एक टाका. इवलेसे गार हात. शिवण मानेकडे येत होती.

खालच्या जिन्यात पावलं वाजली. एक पायरी सोडून उडी, पुन्हा एक पायरी सोडून उडी. अशी जिना चढणारी इमारतीत एकच होती.

"पोरीला मला अशी बघू देणार नाही मी," आत्या म्हणाली. आवाज गळ्यातून कसाबसा निघाला, पण निघाला. "आणि तू, सटवे, माप घेतलंस माझं. पण हसताना नाही घेतलंस."

आणि ती हसली.

आत्याचं हसणं कोणी ऐकलं नसेल त्याला सांगून उपयोग नाही. ते पोटातून सुरू होतं आणि कंबर, छाती, खांदे, सगळं दोन-दोन बोटं फुगवत वर येतं. लग्नात नवरदेव झुंजत असताना ती अशीच हसली होती, आणि तिच्या चोळीचे दोन हूक उडाले होते. राखाडी लोकर ताणली. एक टाका गेला, मग दहा. कसर लागलेला धागा जागोजाग तटातट तुटला, आणि स्वेटरच्या चिंध्या मांडीवर पडल्या.

ती खुर्चीसकट मागे वळली.

जे दिसलं ते पापणी लवते तेवढा वेळ. खुर्चीच्या पाठीवर एक कोपर, वाकलेलं. त्याच्या आतल्या बाजूला घडी. आणि वर, सुई धरलेल्या मुठीच्या जागी, लाल लोकरीने बंद केलेलं एक टोक, आत काहीतरी वळवळणारं.

मग जमिनीवर बाहुली पडलेली होती, हात सरळ, चेहरा गोड.

दारात किल्ली फिरली. आत्याने बाहुलीवर पाय ठेवला आणि पदर सारखा केला.

"आत्याआजी, एकटीच काय हसतेस?"

"एकटी कुठे गं," आत्या म्हणाली. "ये. कुलपाची किल्ली आण. चांगली लोकर हवीय मला."

६

त्या संध्याकाळी तिने दुहेरी जाड लोकर घेतली आणि बाहुलीच्या अंगावरच विणायला बसली. हात कडेला दाबून, सुया गोल फिरवत, गळ्यापासून पावलांपर्यंत. पाठ नाही, पोट नाही, बाही नाही, टिचबटण नाही. शेवटचा टाका बंद केला आणि धाग्याचं टोक आत ओढून घेतलं.

"आता काढून दाखव."

रविवारी भाचा तिला धाकट्या आत्याकडे न्यायला उभा राहिला. पण तिचा डावा हात बघून थबकला. गुरुवारपासून तो कोपरात वाकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय. भाच्याने पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात ठेवले. सून तिला भरवायला लागली तर आत्या म्हणाली, "उजवा शाबूत आहे गं. मीठ मात्र तुझं कमीच आहे." सून नऊ वर्षांत पहिल्यांदा हसली.

दुकानवाल्या बाईंचा फोन दोनदा आला. गिऱ्हाईक विचारतंय, कपडे झाले का.

"सांगा त्यांना, काम चालू आहे," आत्या म्हणते. "घाई नाही म्हणाल्या होत्या ना?"

बाहुली तिच्या टेबलावरच असते, तिच्या नजरेसमोर, लोकरीच्या गोळ्यात. रोज सकाळी गळ्याशी एक ओळ उसवलेली सापडते. एकच. घर रिकामं झालं की आत्या डावी सुई बगलेत दाबते, उजव्या हाताने धागा ओढते आणि दोन ओळी विणते.